आकाशातल्या पांढऱ्या रेघा: सोलापूरच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ नोव्हेंबर

विज्ञान मंडळाचा यंदाचा प्रकल्प ठरला. सोलापूरवरून उंच जाणाऱ्या विमानांच्या मागे पांढरी रेघ कधी उमटते, कधी उमटत नाही, आणि का. विषय अकरावीच्या मुलांनीच काढला. या रेघा म्हणजे वाफ नसून मुद्दाम फवारलेली रसायनं आहेत, त्यानं खोकला वाढतो, पाऊस पळतो, असं सांगणारा व्हिडिओ बहुतेकांच्या घरच्या ग्रुपवर येऊन गेलाय. 'केमट्रेल' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.

पहिल्याच बैठकीत नियम ठरवून घेतला: व्हिडिओला हसायचं नाही. त्यातला एकेक दावा वहीच्या डाव्या पानावर लिहायचा. हा दावा खरा असेल तर आकाशात काय दिसायला हवं, ते उजव्या पानावर लिहायचं. मग बघायचं. घरातली मोठी माणसं असा व्हिडिओ पुढे पाठवतात ती काळजीपोटी. त्यांना पोरांनी वेड्यात काढलेलं मला चालणार नाही.

९ नोव्हेंबर

तक्ता तयार झाला. वेळ, विमान कुठून कुठे, उंची, रेघ आहे की नाही, किती टिकली, विरली की पसरली. उंची आणि मार्ग मोबाइलवरच्या ट्रॅकर ॲपवरून घ्यायचा. प्रवासी विमानं आपलं ठिकाण आणि उंची सतत रेडिओवरून कळवत असतात, ॲप तेच दाखवतं. हवाई दलाची विमानं त्यात नेहमी दिसत नाहीत, आणि बिदरचा तळ इथून फार लांब नाही. म्हणून ॲपवर नसलेलं विमान दिसलं तर 'ओळख नाही' एवढंच लिहायचं, 'गुप्त' लिहायचं नाही.

वरच्या हवेची माहिती हवामान खात्याच्या फुग्यांवरून मिळेल. हैदराबाद आणि मुंबईहून फुग्याला यंत्र बांधून वर सोडतात. ते चढता चढता तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतं. ठरलेल्या वेळा आपल्या घड्याळानं पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. हे आकडे इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. सोलापूर या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून दोन्हींकडचे आकडे घ्यायचे. आमच्या निरीक्षणाच्या वेळाही त्याच सुमाराच्या ठेवल्या आहेत.

१४ नोव्हेंबर

ज्याची वाट बघत होतो ते आज मिळालं. जुळे सोलापुरातली गच्ची, सूर्य नुकताच वर आलेला, आकाश धुतल्यासारखं. दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी डोक्यावर आली. एक मुंबईहून हैदराबादला चाललेलं. त्याच्या मागे काहीच नाही, नुसता चकाकणारा ठिपका. दुसरं आखाताकडून पूर्वेला निघालेलं, मागे स्वच्छ पांढरी रेघ.

व्हिडिओतला सगळ्यात जोरकस मुद्दा नेमका हाच आहे. आकाश एकच, हवा एकच, मग एका विमानाला रेघ आणि दुसऱ्याला नाही, असं कसं? फरक टाकीतच असणार, असं त्यात ठासून सांगितलंय. मुलांनी ॲप बघितलं. पहिलं विमान ३३ हजार फुटांवर, दुसरं ३९ हजार फुटांवर. मध्ये ६ हजार फूट, म्हणजे जवळपास १.८ किलोमीटर. जमिनीवरून हे अंतर डोळ्याला कळत नाही, दोन्ही सारखीच 'वर' दिसतात. त्यामुळे 'हवा एकच' हे गृहीतकच टिकत नाही. दोन्ही आकडे विषम का, हेही एकानं विचारलं. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजारांच्या पातळ्या आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, असा नियम आहे. समोरासमोर येणाऱ्या विमानांत हजार फूट अंतर राहावं म्हणून.

दुर्बिणीतून जे दिसलं ते मात्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सूर्याकडे पाठ करून बघायचं, ही सक्त ताकीद आधी दिली. रेघ इंजिनाला चिकटून सुरू होत नाही. विमान पुढे, मग थोडी मोकळी निळी फट, आणि मग रेघ. नीट बघितलं तर सुरुवातीला दोन धागे आहेत, दोन इंजिनांचे. जरा मागे जाऊन ते एकमेकांत मिसळतात. औषध फवारणारा पंप प्रत्येक पोरानं शेतात पाहिलाय. तिथं फवारा नोझलच्या तोंडापासूनच दिसतो. इथं फट आहे, कारण इंजिनातून निघालेला वायू तापलेला असतो. त्यातलं बाष्प दिसायला तो आधी थंड व्हावा लागतो, आणि तेवढ्यात विमान पुढे निघून गेलेलं असतं. ही फट सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिली. उजव्या पानावरची ही पहिली पक्की नोंद.

१९ नोव्हेंबर

आजचा अख्खा तास फळ्यावर गेला. विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलच्याच जातीचं. एक किलो जळलं की सुमारे १.२५ किलो पाणी आणि ३.१५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक किलोचे चार किलो कसे झाले, यावर बराच गलका झाला. ऑक्सिजन बाहेरच्या हवेतला, हे एका मुलीनं सांगितल्यावर सगळे शांत झाले. मध्यम आकाराचं जेट किलोमीटरला साधारण तीन किलो इंधन जाळतं. म्हणजे दर किलोमीटरला पावणेचार किलोच्या आसपास पाणी मागे पडतं.

हे बाष्प उणे पन्नास अंशांच्या हवेत मिसळतं. तापमान आणि हवेत मावणारं बाष्प यांचा आलेख सरळ नसतो, वर वळणारा असतो. गरम दमट वायूचा एक बिंदू घ्या, बाहेरच्या थंड हवेचा दुसरा घ्या, आणि दोन्ही सरळ रेषेनं जोडा. मिश्रण या रेषेवरून सरकतं. रेषा वक्राच्या वर गेली की तिथं हवेत न मावणारं बाष्प उरतं. ते काजळीच्या बारीक कणांवर थेंब होऊन बसतं आणि थेंब लगेच गोठतात. रेषा वक्राच्या खालीच राहिली तर रेघ नाही. हा हिशेब जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये मांडला आणि अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये पुढे नेला. आजही कसोटी त्या दोघांच्याच नावानं ओळखली जाते. 'पूर्वी अशा रेघा नव्हत्या' या दाव्यासमोर मुलांनी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांची छायाचित्रं लावली. त्यांत आकाश रेघांनी भरलेलं आहे.

आता आपल्या डोक्यावरची हवा. विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजतात. २५० हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) म्हणजे ३४ हजार फुटांची पातळी, २०० म्हणजे साडेअडतीस हजारांच्या जरा वर. फुग्यांच्या आकड्यांत या दिवसांत २५० ला उणे ४१-४२ अंश दिसतात आणि २०० ला उणे ५२-५३. कसोटीप्रमाणे २५० च्या पातळीवर हवा अगदी काठोकाठ दमट असेल तरच उणे ४१ ला रेघ उमटेल. हवा कोरडी असेल तर उणे ५० च्या खाली जावं लागेल. २०० च्या पातळीवर मात्र कोरड्या हवेतही काम जवळजवळ होऊनच जातं. १४ तारखेचं कोडं इथं सुटलं. ३३ हजारांवरच्या विमानाला रेघ येण्याइतकी थंडी तिथं नव्हतीच, ३९ हजारांवरच्याला होती.

युरोप-अमेरिकेत दहा किलोमीटरवर आपल्यापेक्षा बरीच जास्त थंडी असते, म्हणून तिकडे खालून जाणाऱ्या विमानांनाही रेघा येतात. व्हिडिओ तिकडचे, आकाश इकडचं. सोलापूरची हवा सोलापुरातच मोजायला हवी, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतेय.

२८ नोव्हेंबर

या आठवड्यातल्या बहुतेक रेघा आखूड. विमान सेकंदाला सुमारे २५० मीटर जातं. रेघेचा एखादा तुकडा वीस सेकंदांत विरत असेल तर मागे पाचेक किलोमीटरचीच शेपटी दिसणार. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाकडे उतरणारं पंख्याचं छोटं विमान मुलांनी हौसेनं नोंदवलंय. ते फार खालून जातं, त्याला रेघ येण्याचा प्रश्नच नाही.

६ डिसेंबर

आज आकाश वेगळं होतं. सकाळपासून वर पिसांसारखे ढग, आणि त्यांच्यात उमटलेली एकही रेघ विरेना. पहिली रेघ रुंद होत गेली, कडा फाटल्या, खाली झालरीसारखे धागे लोंबले. तासाभरानं तिच्यात आणि खऱ्या ढगात फरक सांगता येईना. सगळं मिळून पूर्वेला सरकत होतं. ॲपवर तेच मार्ग, तीच उंची, रोजच्याच वेळा.

व्हिडिओवाले म्हणतात, वाफ असती तर विरली असती. संध्याकाळी फुग्याची आर्द्रता बघितली. २०० हेक्टोपास्कलच्या आसपास ती ६० च्या वर चढलेली. हा आकडा पाण्याच्या हिशेबानं असतो. उणे ५० अंशांवर बर्फाच्या हिशेबानं हवा ६२ टक्क्यांच्या सुमारासच भरते. त्याच्या वर गेली की बर्फाचा कण विरत नाही, उलट आजूबाजूचं बाष्प ओढून वाढतो. पसरलेल्या रेघेतला बहुतेक बर्फ विमानानं दिलेला नसतोच, तिथल्याच हवेतला असतो. पावणेचार किलो पाण्यातून किलोमीटरभर रुंद पट्टा कसा होतो, याचं उत्तर हे. जागतिक हवामान संघटनेनं २०१७ च्या आपल्या ढगांच्या ॲटलासमध्ये विमानांच्या टिकून राहिलेल्या रेघांना स्वतंत्र नावही दिलंय, सिरस होमोजेनिटस.

१४ डिसेंबर

पहाटे नान्नजला गेलो. माळढोक अभयारण्याच्या बाजूचा माळ, क्षितिजापर्यंत आडवं काही नाही. थंडी चांगली होती. पोरांच्या तोंडातून वाफ दिसत होती, आणि मी फळ्यावर ज्याला तास घातला ते त्यांना क्षणात पटलं: तोंडातली ऊबदार दमट हवा, बाहेरची गार हवा, दोन्ही मिसळल्या की धुकं. फरक एवढाच की इथं थेंब होतात आणि तिथं बर्फ.

आमच्यातल्या एका मुलीचं घर तिथून जवळ. तिचे आजोबा चहाची किटली घेऊन माळावर आले. आमचा तक्ता त्यांनी नीट ऐकून घेतला, मग म्हणाले, "मॅडम, ह्या रेघांचं ऱ्हाऊ द्या. ते लई वर हाय. पन मागं काही वर्सांखाली पावसाळ्यात इमान पार ढगापातुर खाली यायचं, घिरट्या घालायचं. आन थोड्या येळानं ढग फुटून जायचं. हे आमी डोळ्यांनी बघितलंय. ते काय हुतं?"

"आजोबा, ते विमान खरंच होतं," मी म्हटलं. "तुम्ही बघितलं ते बरोबर आहे. पुढचं मला पुरतं वाचून तुम्हाला सांगू द्या."

या जिल्ह्यात पावसाचा एकेक ढग माणसं मोजून बघतात. पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो हे बोलणंही आपल्याकडे जुनंच. आजोबांच्या प्रश्नाला 'अफवा आहे' म्हणून उडवणं चुकीचं ठरेल, कारण त्यातलं विमान अफवा नाही. त्याची नोंद वेगळी करायची.

२२ डिसेंबर

व्हिडिओतले उरलेले दावे एकेक करून घेतले.

विमानात ओळीनं मांडलेल्या पिंपांचं छायाचित्र. ती चाचणी विमानं आहेत. पिंपांत पाणी असतं. ते एका पिंपातून दुसऱ्यात फिरवून, प्रवासी कमी-जास्त बसल्यावर विमानाचा तोल कसा राहील ते तपासतात.

पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम सापडलं, हा दुसरा दावा. पृथ्वीच्या कवचात सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे, धातूंमध्ये सगळ्यात जास्त. आपली काळी माती ज्या बेसॉल्टपासून झाली त्यातही ते भरपूर आहे. गच्चीवर उघडं भांडं ठेवलं तर मार्च-एप्रिलच्या धुळीतूनच ते पाण्यात उतरेल. तपासणीत न सापडलं तरच नवल.

अमेरिकेच्या हवाई दलाचा १९९६ चा लेख. हा लेख खरा आहे. २०२५ पर्यंत हवामानावर ताबा मिळवता आला तर युद्धात काय करता येईल, याचा तो अंदाज होता. केमट्रेलची कल्पना त्यानंतरच्याच वर्षांत तिकडे पसरली. भविष्याबद्दलचा तर्क आणि चालू कामाचा पुरावा यांत फरक असतो, हे मुलांनी स्वतः लिहिलंय.

२०१६ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी वातावरणाचं रसायनशास्त्र आणि माती-पाण्यातली धूळ यांच्या ७७ तज्ज्ञांना असले नमुने आणि छायाचित्रं दाखवून विचारलं. ७६ जणांनी गुप्त फवारणीचा कुठलाही पुरावा आढळला नसल्याचं सांगितलं. उरलेल्या एकानं एका दूरच्या भागातल्या हवेत बेरियम जास्त असल्याचं नोंदवलं. तोही आकडा वहीत तसाच ठेवलाय.

सगळ्यात आवडला तो मुलांनी स्वतः मांडलेला हिशेब. समजा ११ किलोमीटरवरून खरंच काहीतरी फवारलं. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. ११ किलोमीटर उतरायला त्याला चाळीसेक दिवस लागतील. वर वारा ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. सोलापूरवर सोडलेलं सोलापुरात पडणार कसं? पिकावर फवारणारी विमानं पिकाच्या अगदी डोक्यावरून उडतात ती याच कारणासाठी.

५ जानेवारी

आजोबांच्या प्रश्नाची नोंद.

पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २००९ पासून कायपीक्स नावाचा ढगांचा प्रयोग करतेय. त्याच्या चौथ्या टप्प्यात, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात, प्रयोगाचं क्षेत्र सोलापूर होतं. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणूनच सोलापूर निवडलं होतं. रडार, पर्जन्यमापक आणि दोन विमानं. एक विमान ढगात शिरून मोजणी करायचं, दुसरं ढगाच्या तळाशी जाऊन पंखांना लावलेल्या नळकांड्या पेटवायचं. त्या धुरात कॅल्शियम क्लोराइडचे कण असतात. ते ओलावा धरतात, त्यांच्यावर मोठे थेंब होतात, मोठे थेंब लहानांना गिळत खाली येतात. आपण ज्याला कृत्रिम पाऊस म्हणतो तो हाच, आणि तो कोरड्या आभाळातून पाडता येत नाही. आधी ढग लागतो.

निकाल २०२३ मध्ये छापून आला. बीजारोपण केलेल्या, म्हणजे असा धूर दिलेल्या ढगांपासून वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूच्या १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढला, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त.

म्हणजे आजोबांनी पाहिलेलं विमान पाऊस पळवत नव्हतं, वाढवायचा प्रयत्न करत होतं. पण ढग फुटून जायचे हेही त्यांनी पाहिलंय, आणि तेही खरंच असणार. सोलापूरच्या ढगांच्या भोवती हवा कोरडी असते. ती कडेनं ढगात घुसते, थेंब सुकतात, ढग विरतो. विमान असो वा नसो, आपल्याकडचे कितीतरी ढग असे न बरसताच जातात. विमान आलेलं असेल तर ते लक्षात राहतं, न आलेल्या दिवशीचा विरलेला ढग कुणी लक्षात ठेवत नाही. शास्त्रज्ञांनाही हीच अडचण होती. म्हणून कुठल्या ढगाला धूर द्यायचा आणि कुठला तसाच सोडायचा हे त्यांनी मनानं न ठरवता सोडतीसारखं ठरवलं, आणि दोन्ही गटांची तुलना केली.

मला खंत एवढीच वाटते की हे काम आपल्या डोक्यावर झालं आणि गावोगावच्या पारावर ते कुणी समजावून सांगितलेलं नाही. माहिती पोचली नाही, तिथं व्हिडिओ पोचला.

१३ जानेवारी

गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे निम्मी मुलं नाहीत. नोंदी घरच्या गच्चीवरून.

२५ जानेवारी

मुलांपैकी एकानं विचारलं, "मग रेघा निरुपद्रवी आहेत, असं लिहू का?" तसं लिहू दिलं नाही.

टिकून राहणारी रेघ दिवसा थोडं ऊन परतवते, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता रात्रंदिवस अडवते. एकूण परिणाम तापवण्याकडे झुकतो, आणि रात्रीच्या रेघा तर फक्त तापवतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विमान वाहतुकीच्या तापमानवाढीत या रेघांपासून झालेल्या ढगांचा वाटा कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त निघाला. त्या आकड्यातली अनिश्चितता मोठी आहे, आणि ते त्यांनीच स्पष्ट लिहिलंय. २०२३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगलनं ७० उड्डाणांवर करून पाहिलं: जिथं हवा बर्फाच्या हिशेबानं भरलेली आहे तो थर वैमानिकांनी टाळायचा. उपग्रहाच्या चित्रांत रेघा ५४ टक्क्यांनी कमी दिसल्या.

६ डिसेंबरच्या आकाशात आम्ही तोच थर बघत होतो. दोन-चार हजार फूट खाली तापमान जास्त, तिथं रेघ उमटलीच नसती. रेघांची काळजी करायचीच तर ही करावी, आणि इथं मुलांना पुढे शिकण्यासारखं, कामाला लागण्यासारखंही खूप आहे.

२ फेब्रुवारी

तक्ते मोठ्या कागदावर उतरवून झाले. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब, रेघ आलेली विमानं निळ्या ठिपक्यांनी, न आलेली लाल. निळे जवळजवळ सगळे वरच्या थंड बाजूला गोळा झालेत. सीमेवर थोडी सरमिसळ आहे, ती पुसायची नाही. इंजिनं वेगवेगळी, आर्द्रता वेगवेगळी, आणि फुगे हैदराबाद-मुंबईचे. 'ओळख नाही' लिहिलेली विमानं करड्या ठिपक्यांनी दाखवली आहेत.

५ जानेवारीची नोंद आजोबांना नातीनं वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं, विरलेले ढग आपणच मोजून बघू. हे मला मनापासून पटलं. जूनपासून दुपारी एक ढग निवडायचा, दर पाच मिनिटांनी फोटो घ्यायचा, विरला की बरसला ते लिहायचं, आणि आसपास खालून जाणारं विमान होतं का तेही. नान्नजच्या बाजूचं काम आजोबा आणि नात करणार, शहरातलं बाकीची मुलं. पर्जन्यमापक नळ्या मे महिन्याआधी घ्यायच्या आहेत.